शेजाऱ्याची बोअर

आमच्या बोरी अरबच्या शिवारात एकाने दोनशे फुटांची बोअर मारली, की उन्हाळ्यात शेजाऱ्याची विहीर लवकर तळ गाठते. मग शेजारी तीनशे फुटांची मारतो. दोघांत वैर नसते. तरी काही वर्षांत दोघेही कर्जात, आणि पाणी मात्र अधिकच खोल. देशांच्या संरक्षणखर्चाचे आकडे चाळताना मला हे चित्र वारंवार आठवते.

लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात बंदूक न उचलता रुग्णवाहिका चालवली आणि पुढे शस्त्रस्पर्धेचे गणित मांडले. त्याच्या समीकरणात तीन गोष्टी आहेत: शेजाऱ्याच्या शस्त्रांची धास्ती, मनातला जुना सल आणि स्वतःच्या तिजोरीवरचा ताण. पहिल्या दोन खर्च वाढवतात, तिसरी आवरते. दोन्हीकडची धास्ती ताणापेक्षा जबर ठरली, की स्पर्धा थांबत नाही.

याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. चीनकडून झालेल्या पराभवानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६१-६२ मध्ये सुमारे ३१२ कोटी रुपये असलेला संरक्षणखर्च १९६३-६४ मध्ये सुमारे ८१६ कोटींवर गेला. सव्वाआठ लाखांचे सैन्य, ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल आणि हिमालयासाठी माउंटन डिव्हिजन अशी योजना आखली गेली. आपल्या विदर्भात भंडारा, भद्रावती आणि अंबाझरीचे आयुध कारखाने त्याच दशकात उभे राहिले.

ही सारी तयारी चीनसाठी होती. पण रावळपिंडीतून पाहणाऱ्याला बंदुकीचा रोख कळत नाही, संख्या कळते. भारत बळकट होण्याआधीच काश्मीरचा निकाल लावावा, हा विचार पाकिस्तानच्या १९६५ च्या धाडसामागे होता, असे अनेक अभ्यासक मानतात. ती भीती अगदीच निराधारही नव्हती. १९७१ च्या हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद झाल्या, तेव्हा माउंटन डिव्हिजन पूर्व पाकिस्तानात लढल्या.

आजही साखळी तीच आहे. चीन अमेरिकेकडे पाहून खर्च करतो, भारत चीनकडे आणि पाकिस्तान भारताकडे. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये अमेरिकेने सुमारे ९९७ अब्ज डॉलर, चीनने ३१४, भारताने ८६ आणि पाकिस्तानने १० अब्ज डॉलर खर्च केले. राष्ट्रीय उत्पन्नाशी ताडून पाहिले, तर आशियातल्या या तिघांत सर्वांत कमी रक्कम खर्चणाऱ्या पाकिस्तानवरच सर्वांत मोठा भार पडतो. अल्पभूधारकाच्या बोअरचेही असेच असते: खोदाईचा दर सर्वांना सारखा, सातबारा मात्र सारखा नाही.

मग एकट्याने थांबावे का? विहीर कोरडी पडलेल्याला तो उपदेश करण्याचा मला अधिकार नाही, आणि १९६२ नंतरच्या भारतालाही तो करता आला नसता. पण दोघांनी मिळून थोडे काही करता येते. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या युद्धानंतरही ही प्रथा मोडली नाही. या यादीने खर्चाचा एक रुपयाही कमी केलेला नसेल. पण शेजाऱ्याच्या मनातला एक अंदाज तरी तिने कमी केला आहे. रिचर्डसनच्या समीकरणातली धास्ती अशा अंदाजांवरच वाढते.