सुती तेवढं साजूक?

दुकानात हल्ली ‘इको’चं लेबल लावलेला सुती कुडता जरा चढ्या भावाने जातो. गिऱ्हाइकाचं मतही पक्कं असतं: सुती चांगलं, पॉलिस्टर वाईट. हिशेब इतका सरळ असता तर विदर्भाएवढा सुखी मुलूख दुसरा नसता.

एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं, हा आकडा भाषणांत हमखास येतो. तो जागतिक सरासरीचा आहे. कापसासाठी अमुदर्या आणि सिरदर्या कालव्यांत वळवल्या नि अरल समुद्र आटला, तिथे तो खराच अंगावर येतो. यवतमाळ-वर्ध्याकडची पऱ्हाटी मात्र बहुतेक पावसावरच वाढते. इथलं दुखणं फवारणीचं. २००२ मध्ये बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा बोंडअळी संपल्यासारखी वाटली. पुढे गुलाबी अळी त्यालाही सरावली. त्यात डिसेंबर उलटला तरी पाणी देऊन जुनंच पीक फरदड म्हणून ठेवायचं, म्हणजे अळीला आयतीच पंगत. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पुरुषभर वाढलेल्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन शिरलेले कित्येक शेतकरी-मजूर विषबाधेने दवाखान्यात पोचले. वीसहून अधिक दगावले. अशा शेतातल्या कापसाच्या सदऱ्यावरही ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असंच छापता येतं.

पुढे रंगाई. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. आज त्या गावाचं नाव कापडासाठी निघतं, तसंच पंचगंगेच्या प्रदूषणासाठीही. सुती कापड रिअॅक्टिव्ह रंग पुरता धरत नाही. उरलेला रंग आणि तो चढावा म्हणून ओतलेलं मीठ धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतं. रंग बराचसा काढता येतो. विरघळलेलं मीठ काढायचं तर अखेर पाणी आटवावं लागतं, आणि तो खर्च छोट्या प्रोसेसवाल्याला झेपत नाही. सेंद्रिय कापसाची यातून आपोआप सुटका होत नाही.

पॉलिस्टर १९४१ मध्ये इंग्लंडात जन्मलं आणि आज जगातल्या निम्म्याहून अधिक धाग्याची जागा त्याने घेतली आहे. त्याला शेत लागत नाही, फवारणी लागत नाही. पण मूळ खनिज तेलात, आणि दर धुण्यात गळणारे तंतू वर्षानुवर्षं कुजत नाहीत. बाटल्यांपासून केलेल्या टी-शर्टचं कौतुक मला पटत नाही. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. शर्टाचा पुन्हा शर्ट क्वचितच होतो. व्हिस्कोज लाकडाच्या लगद्याचं, पण ते करताना कार्बन डायसल्फाइडसारखं विषारी रसायन लागतं. लायोसेलही लगद्याचंच, त्याचा द्रावक मात्र ९९ टक्क्यांहून अधिक परत वापरात येतो. नव्या धाग्यांत मला तेच उजवं वाटतं, महाग असलं तरी.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे, देशी कापसाची. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक कापूस देशी वाणांचाच होता. हा कापूस रसशोषक किडींना सहसा दाद देत नाही, पावसाचा खंड सोसतो. सरळ वाण असल्याने घरचं बी पुढच्या साली पेरता येतं. तंतू आखूड म्हणून गिरण्यांनी तो टाकला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पीए २५५ सारखे लांब धाग्याचे देशी वाण काढून ती सबब बरीच कमी केली. तरी अडचणी उरतातच. बोंडं लहान, त्यामुळे वेचणीची मजुरी वाढते. फुटलेला कापूस लवकर गळतो, म्हणून वेचायला उशीर चालत नाही. आणि थोडका माल जिनिंगला नेला की बाकीच्या ढिगात मिसळून जातो. भाव धाग्याची लांबी बघून ठरतो. वाचलेल्या फवारण्यांचे पैसे कुणी देत नाही. देशी कापसाची खरेदी आणि जिनिंग वेगळं झालं, तरच शेतकरी हे बी पुन्हा धरेल.