पासिंगच्या आदल्या दिवशी

"चाचा, बाकी सगळं चालू हाय, नुसता हॉर्नच वाजंना झालाय." टाटा 207 मधून उतरता उतरता मालक सांगतात आणि सीटवरची पिशवी पुढं करतात. पिशवीत हॉर्नचा नवा जोड आहे, खोक्यासकट. "हे तेवढं बसवून द्या. उद्या बीडला पासिंग हाय."

चाचा पिशवी हातात घेत नाहीत. "बसवू की. पण जुना खरंच मेलाय का, ते आधी बघू द्या, मामा."

मांजरसुंब्याचा चौक सकाळीच गजबजला आहे. धुळे–सोलापूर महामार्ग इथं पाटोदा–केज रस्त्याला छेदतो. महामार्गाचा नंबर आता 52 आहे, जुने ड्रायव्हर अजून 211च म्हणतात. बीडकडून आलेली गाडी घाट चढली की इथं दम खाते. मन्मथस्वामींच्या दर्शनाला कपिलधारला जाणारे इथूनच वळतात, नेकनूरच्या बाजाराला निघालेल्या शेळ्या इथूनच जातात. ऑक्टोबर चालू आहे. बालाघाटातली सीताफळं टोपल्यांतून रस्त्याकडेला आली आहेत आणि ऊसतोडीच्या टोळ्यांची निघायची तयारी सुरू झाली आहे. त्यामुळं इलेक्ट्रिकच्या या पत्र्याच्या शेडपुढं या दिवसांत गर्दी असते. आज ट्रॅक्टर आहेत, एक टमटम आहे, आणि ही 207.

गाडी जुनी आहे, पण चकाचक दिसते. पासिंगसाठी मामांनी तिला नवा रंग दिलाय. बोनेट, पुढची जाळी, हौदा, सगळीकडं पांढरा रंग अजून वास मारतोय. टाटांनी 1988 साली टाटामोबाइल 206 हा पिकअप बाजारात आणला, ही 207 त्याच घराण्यातली. त्याआधी खेड्यापाड्यातला माल मॅटाडोरनं आणि जीपनं वाहिला. या पिढीच्या गाड्यांना कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बॅटरीपासून बल्बापर्यंत जे काही आहे ते तारेनं जोडलेलं आहे, आणि तार डोळ्यांनी शोधता येते. मला या गाड्यांबद्दल जो आदर आहे तो यामुळंच. तीस वर्षांनीही रस्त्याकडेला बसलेला माणूस त्यांना बोलतं करू शकतो.

बोनेट वर जातं. आत बघितलं की या गाडीनं किती हात बघितलेत ते कळतं. जुन्या ल्युकस पद्धतीत काळी तार अर्थची, तपकिरी थेट बॅटरीची, जांभळी हॉर्नच्या फ्यूजची, असा शिरस्ता होता. इथं ज्याच्याकडं ज्या रंगाची तार होती त्यानं ती जोडली आहे. लाल तारेला पिवळी, पिवळीला हिरवी, वर चिकटपट्टीचे वेढे, उन्हानं चिकट सुटून काळे पडलेले. मध्येच कोणीतरी हॉर्नसाठी रिले बसवलाय. ते मात्र चांगलं काम झालंय. रिले नसला की हॉर्नचा सगळा करंट स्टिअरिंगवरच्या बटणातून जातो आणि बटणाची पत्ती जळते. रिलेमुळं बटणावर नुसता इशाऱ्याचा करंट राहतो, भार रिले उचलतो.

"बारक्या, लाव बल्ब," चाचा म्हणतात.

बारक्या म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. त्याच्या हातात टेस्ट लॅम्प आहे, होल्डरमध्ये पाच वॉटचा छोटा बल्ब आणि दोन तारा. तो आधी बॅटरीच्या प्लस-मायनसला लावून बल्ब पेटतो का ते बघतो. ही सवय त्याला लावलेली दिसते. तपासायचं हत्यारच बिघडलेलं असलं तर पुढचं सगळं फुकट. मग रिले. मामा आत बसून बटण दाबतात, रिले टक् करून आवाज देतो. म्हणजे बटण ठीक. हॉर्नला येणाऱ्या तारेवर बल्ब पेटतो. हॉर्नची दुसरी तार समोरच्या पत्र्याला, ब्रॅकेटच्या बोल्टखाली आवळलेली आहे. बारक्या एक टोक हॉर्नला येणाऱ्या तारेवर धरतो, दुसरं त्या बोल्टाला. बल्ब पेटतो.

"चाचा, करंट येतोय. अर्थबी येतोय. हॉर्नच गेलाय."

"म्हणूनच आणलाय ना मी," मामा आतून म्हणतात.

चाचा काही बोलत नाहीत. जुना हॉर्न सोडवून हातात घेतात, दोन जाड तारांनी थेट बॅटरीला टेकवतात. हॉर्न असा कडक वाजतो की समोरच्या हॉटेलातली माणसं माना वळवतात. बारक्या गोंधळतो. करंट आहे, अर्थ आहे, हॉर्न जिवंत आहे, मग गाडीवर वाजत कामून नाही?

"कधीपासून बंद हाय?" चाचा विचारतात.

"रंग दिल्यापासून. दिवसा नुसतं घर्र करतो. रात्री लाइट लावला की तेबी नाही."

"लाइट पिवळा पडलाय का?"

मामा थोडा विचार करतात. "पडलाय खरा."

चाचा शेडमध्ये जातात आणि खिळ्याला टांगलेला दुसरा टेस्ट लॅम्प घेऊन येतात. हा हेडलाइटचा बल्ब आहे, पंचावन्न वॉटचा, त्याच्या पायांना तारा डाग देऊन पक्क्या केलेल्या. बारक्यानं जिथं छोटा बल्ब लावला होता तिथंच ते हा लावतात. आधी एक टोक हॉर्नच्या तारेला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला, आणि मामांना बटण दाबायला सांगतात. पांढराशुभ्र उजेड. मग मायनसवरचं टोक उचलून ब्रॅकेटच्या बोल्टाला. फिलामेंट नुसती लालसर होते, विझत्या उदबत्तीसारखी.

इथं मी थोडा थांबतो, कारण जुन्या गाड्यांचं निम्मं दुखणं या एका जागी समजतं. छोट्या बल्बला अर्धा अँपियरसुद्धा करंट लागत नाही. वाटेत एका ओहमचा अडथळा असला तरी त्याचे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी वाया जातात, आणि तो खुशाल पेटतो. पंचावन्न वॉटच्या बल्बला साडेचार अँपियर हवेत, हॉर्नलाही साधारण तेवढेच. तोच एक ओहम तिथं तीन व्होल्टच्या वर गिळतो. अडथळा आणखी वाढला की हॉर्नच्या वाट्याला काहीच उरत नाही. मल्टिमीटर लावला तर त्याला करंट जवळजवळ लागतच नाही, म्हणून तो बारा व्होल्ट दाखवतो आणि शिकलेला माणूसही फसतो. भार टाकल्याशिवाय तार खरं बोलत नाही, हे चाचांना ठाऊक आहे. हेडलाइटचा बल्ब हॉर्नइतकाच करंट मागतो, म्हणून तो खिळ्याला टांगलेला आहे.

"बारक्या, आधी मायनस काढ."

बॅटरी सोडवायची तर मायनस पहिल्यांदा. प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस जागेवर असला तर ठिणगी उडते, पाना चिकटतो, हात भाजतो. बारक्या दहाच्या पान्यानं टर्मिनल ढिलं करतो. चाचा ब्रॅकेटचा बोल्ट फिरवतात. तो कुरकुरत निघतो. खालचा पत्रा नव्या रंगानं माखलेला आहे. रंगाऱ्यानं ब्रॅकेट काढून मारलेला फवारा बोल्टाच्या भोकापर्यंत गेलाय आणि त्याच रंगावर ब्रॅकेट परत आवळलाय. थिंबल बघायला चाचा मला जवळ बोलावतात. तांब्यावर हिरवट पांढरी बुरशी धरली आहे, तारेचे निम्मे पदर तुटून थिंबलच्या मानेशी केसासारखे उभे आहेत. हेडलाइटची काळी तारही याच बोल्टाला आली आहे. म्हणूनच लाइट लावला की हॉर्न मुका. दोघांचा परतीचा करंट एकाच गंजक्या वाटेनं बॅटरीकडं निघतो आणि वाट दोघांना पुरत नाही.

गाडी देखणी करणाऱ्या रंगानंच तिचा आवाज बंद केला होता. हे बीड जिल्ह्यातच घडतं असं नाही. पासिंगच्या हंगामात जिथं जिथं रंग मारला जातो तिथं इलेक्ट्रिकवाल्याकडं हीच तक्रार येते.

पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन चाचा पत्रा घासतात. रंग जातो, त्याखालचा तांबडा प्रायमर जातो, मग लोखंड चमकतं. नवं थिंबल, नवी जाड काळी तार, दातेरी वायसर. एक तार पत्र्याला, आणि दुसरी जास्तीची थेट चेसिसवर, बॅटरीचा मायनस जिथं आवळलाय तिथं. वरून ग्रीसचा हात. इंजिन आणि चेसिस यांच्यामधली विणलेली तांब्याची पट्टी ओढून बघतात, ती ठीक आहे. तोवर बारक्याला डॅशबोर्डखाली काही सापडतं आणि तो ते तळहातावर घेऊन येतो. पंधरा अँपियरच्या फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याच्या तारेचे पदर पिळून घातले होते.

चाचांचा आवाज पहिल्यांदा चढतो. "मामा, हे कुणी केलं? फ्यूज जळतो म्हणून गाडी जळत नाही. ही तार जळायची नाही, आख्खं वायरिंग जळंल."

मामा खाली बघतात. फ्यूज गेला तेव्हा रात्र होती, रस्त्यात दुसरं काही नव्हतं, असं सांगतात. ते खरंही असेल. पण नंतर फ्यूज बदलायचा राहून गेला आणि गाडी तशीच माणसं, शेळ्या, सीताफळं घेऊन घाट चढत-उतरत राहिली. चाचा नवा फ्यूज बसवतात आणि दोन जास्तीचे पुडीत बांधून मामांच्या खिशात घालतात.

हॉर्न जागेवर बसतो. पहिल्यांदा वाजतो तेव्हा आवाज जरा फाटका येतो. हॉर्नच्या पोटात चुंबकाची गुंडाळी आणि पातळ पडदा असतो. करंट आला की पडदा ओढला जातो, ओढला की आतले पॉइंट सुटतात, करंट तुटतो, पडदा परततो, पॉइंट पुन्हा चिकटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं आणि तोच आवाज. पॉइंट झिजले की ताल बिघडतो. मागं एक स्क्रू असतो, चाचा तो थोडाथोडा फिरवतात, कान एका बाजूला कलवून. घर्र, मग भसाडा, मग एका जागी स्वच्छ, भरीव आवाज. तिथं ते थांबतात आणि नट आवळतात.

शेजारच्या ट्रॅक्टरवरचा तरुण हे बघत असतो. "चाचा, मला ते गाणं वाजवणारं बसवा ना, पाच-सहा आवाजाचं."

"न्हाई बसवत."

मोटार वाहन नियमांत, 1989 च्या केंद्रीय नियमावलीतल्या 119 व्या नियमात, असे अनेक सुरांचे आणि कर्कश हॉर्न बंद आहेत. चाचांना नियमाचा नंबर माहीत आहे की नाही, मी विचारत नाही. त्यांचं कारण वेगळं आहे. "घाटात म्हातारा माणूस बैल धरून चालला असतो. तुझं गाणं ऐकून बैल बुजला तर?" तरुण गप्प बसतो. मला हे उत्तर नियमापेक्षा जास्त पटतं.

आता निघायचं म्हणून मामा गाडी चालू करतात आणि चाचा हात वर करून थांबवतात. "ब्रेक दाबा." दाबतात. पुढचा डावा इंडिकेटर मंद पेटतो. ब्रेकशी त्याचा काही संबंध नसताना. चाचा सरळ मागं जातात, डाव्या टेललॅम्पचं झाकण काढतात. तिथंही तेच, नव्या रंगावर आवळलेला बोल्ट. ब्रेकच्या बल्बला अर्थ मिळेना, म्हणून करंट त्याच डब्यातल्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरून पुढच्या दिव्यातून परतीची वाट काढतोय. पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा घासणं. आता ब्रेकला मागं लालभडक उजेड पडतो आणि इंडिकेटर गप्प राहतो.

मला हे दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं वाटतं. हॉर्न वाजला नाही तर मालकाला लगेच कळतं. मागचा दिवा पेटला नाही तर तो मालकाला दिसतच नाही, मागून येणाऱ्याला दिसत नाही, आणि ते कळतं तेव्हा वेळ गेलेली असते. ऊसतोडीच्या दिवसांत बीडपासून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत रात्रीच्या रस्त्यांवर किती ट्रॉल्या अंधारात चालतात, हे त्या रस्त्यांनी प्रवास केलेल्या कोणालाही विचारा.

चाचा मजुरी सांगतात. नव्या जोडाच्या किमतीपेक्षा ती कितीतरी कमी आहे. "हॉर्न दुकानात वापस करा, खोकं फोडलेलं नाही." मामा पैसे देतात आणि हॉर्न एकदा वाजवून चौकातून बीडच्या दिशेनं, घाटाकडं वळतात. बारक्या तोवर ट्रॅक्टरचं मायनस सोडवायला लागलेला असतो.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो, म्हणजे दरवर्षी कुठं ना कुठं रंग मारला जाणार. तुमच्या घरी जुना पिकअप, जीप, टेम्पो किंवा ट्रॉली असेल तर एवढं करा. रंगाऱ्याकडून गाडी आली की अर्थचा प्रत्येक बोल्ट उघडून खालचा पत्रा घासून घ्या. फ्यूजच्या जागी तार दिसली तर त्याच दिवशी काढा. आणि कारखान्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी एकाला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून तुम्ही स्वतः मागं जाऊन उभे राहा.