पाचटापासून इथेनॉल : एन्झाइमबद्दल काय खरं, काय खोटं

महाराष्ट्रात इथेनॉल म्हटलं की मळी आणि उसाचा रस आठवतो. म्हणूनच शेतातल्या अवशेषांपासून इथेनॉल करायचं म्हटलं, की ‘आहे त्याच डिस्टिलरीत पाचट टाकायचं’ असं अनेकांना वाटतं. पण तसं होत नाही. मळीतली साखर यीस्ट सहज पचवतं. पाचट, पऱ्हाटी, तुराट्या, भाताचा पेंढा यांतली साखर मात्र सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या लांब साखळ्यांत, लिग्निनने जखडलेली असते. या साखळ्या तोडायला सेल्युलेजसारखे एन्झाइम लागतात. ते यीस्टकडे नाहीत. बुरशा आणि जिवाणूंकडे आहेत.

‘हे एन्झाइम म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेले जंतू, तेच गाडीच्या टाकीत येणार’, अशी भीतीही ऐकू येते. एन्झाइम हा सजीव नाही, ते प्रथिन आहे. ऊर्ध्वपातनात इथेनॉल वाफ होऊन वेगळं होतं आणि प्रथिनं मागच्या स्पेंटवॉशमध्ये राहतात. शिवाय एन्झाइमची सुधारणा म्हणजे दरवेळी परक्या जनुकाची भर, असंही नाही. या उद्योगाची मुख्य बुरशी ‘ट्रायकोडर्मा रीसाय’. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि सुती सामान कुजू लागलं, त्याचं कारण शोधताना ती सापडली. एल्विन रीस यांनी तिच्यावर काम केलं आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात 1970च्या दशकात अतिनील किरण आणि रसायनांनी तिच्यात बदल घडवून, निवडून निवडून ‘रूट-सी 30’ हा वाण काढला गेला. मूळ बुरशीपेक्षा तो कितीतरी जास्त एन्झाइम स्रवतो, आणि त्यात बाहेरचं एकही जनुक घातलेलं नव्हतं.

मग आज एन्झाइममध्ये नेमकं काय सुधारलं जातं? माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम इथेच आहे. बुरशीचा एन्झाइम साधारण 50 अंश सेल्सिअसला उत्तम चालतो, त्याहून फार गरम केला तर बिघडतो. साखर साचू लागली की त्याचा वेग मंदावतो. काही एन्झाइम लिग्निनला चिकटून वाया जातात. यांतली एकेक अडचण दूर करण्यासाठी त्याच्या जनुकात हजारो बदल करून, सर्वांत चांगला निवडून, पुन्हा बदल करत जायचं. ‘निर्देशित उत्क्रांती’च्या याच पद्धतीसाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांना 2018च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा मिळाला. ज्यांचं काम 2010च्या सुमारास स्पष्ट झालं, ते तांबेयुक्त एन्झाइम सेल्युलोजची घट्ट स्फटिकी वीणही उसवतात. आजच्या एन्झाइम मिश्रणांत त्यांना मानाची जागा आहे.

‘चांगला एन्झाइम मिळाला की इथेनॉल स्वस्त’, हाही अर्धाच खरा समज. आधी वाफ किंवा सौम्य आम्लाने लिग्निनची पकड सैल करावी लागते. हेमिसेल्युलोजमधून मिळणारी झायलोज साखर साधं यीस्ट आंबवत नाही. तीही वापरणारं यीस्ट घडवावं लागतं. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतल्या (आयसीटी) केंद्राने एन्झाइम वेगळा काढून पुन्हा वापरण्यावर भर दिला. त्याच्या तंत्रज्ञानावर 2016मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला दिवसाला 10 टन अवशेष हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने 2017मध्ये दौंडजवळ प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. पानिपतला इंडियन ऑइलचा, दिवसाला 100 किलोलिटर क्षमतेचा, भाताच्या पेंढ्यावरचा प्रकल्प प्राजच्याच तंत्रज्ञानाचा. त्याचं उद्घाटन 10 ऑगस्ट 2022ला झालं.

बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, फुकट मिळतो, असं समजणाऱ्यांनी कारखान्याचा बॉयलर पाहावा. बगॅस हेच त्याचं इंधन, आणि सहवीजनिर्मितीचाही आधार. पाचटही सगळं उचलून चालणार नाही. जमिनीला त्यातला वाटा हवाच. पण फडात ते पेटवून देण्यापेक्षा त्यातला काही भाग इथेनॉलला जाणं केव्हाही बरं. डिसेंबर 2023मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉलवर निर्बंध आले, तेव्हा अनेक कारखान्यांची गणितं कोलमडली. साखरेशी स्पर्धा न करणारा कच्चा माल किती गरजेचा आहे, हे त्या हंगामाने दाखवलं.

तुमच्या कारखान्याच्या सभेत असा प्रकल्प मांडला गेला, तर तीन गोष्टी जरूर विचारा : टनामागे एन्झाइम किती लागणार, झायलोजचं काय करणार, आणि पाचटाचा भाव शेतकऱ्याला काय देणार?