फिशटँकला एमसीबी पुरेसा नाही

घरात एमसीबी आहे, मग फिशटँकची वेगळी काळजी कशाला, असं अनेकांना वाटतं. पण एमसीबी सांभाळतो तो वायरिंगला, माणसाला नाही. 6 अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहिला तरच पडतो. हीटरची काच तडकून पाण्यात वीज उतरली, तर हात घालणाऱ्याला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका प्रवाहही जिवावर बेतू शकतो. म्हणून पक्कं अर्थिंग आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहात फरक पडला की वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. तो उगाच ट्रिप होतो, अशी तक्रार असते. पण वारंवार ट्रिप होणं हे बहुधा कुठेतरी गळती असल्याचंच लक्षण असतं.

आग मात्र आरसीसीबीही दरवेळी रोखू शकत नाही. वायरवरून ओघळलेलं पाणी एक्स्टेन्शन बोर्डात शिरून फेज आणि न्यूट्रलमध्येच प्रवाह झिरपला, तर जाणारा-येणारा प्रवाह सारखाच राहतो. आरसीसीबीला पत्ता लागत नाही आणि प्लास्टिक करपत जातं. उपाय बिनखर्चाचा आहे: बोर्ड टाकीखाली ठेवू नका आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या पातळीखाली झोल द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडेल. पाणी बदलण्याआधी सगळे प्लग काढा.