बांबोळीला जाताना सोबत कोण?
मूल हवं असताना : लेखांक ६

पेडण्याहून म्हापशाची बस, म्हापशाला उतरून पणजीची शटल, पणजीहून पुन्हा बांबोळीची बस. केरी, पालयेकडून किंवा इब्रामपूर, हळर्णकडून येणाऱ्यांना पेडण्यापर्यंतची आणखी एक. एवढं करून गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत पोचायचं, केसपेपर पुढे करून रांगेत बसायचं. आत गेल्यावर सोनोग्राफी पाच-सात मिनिटांत उरकते. डॉक्टर पडद्याकडे बघत सांगतात, "अंडी अजून थोडी वाढायला हवीत, परवा या." मग तोच प्रवास उलटा, आणि परवा पुन्हा सुलटा.

गेल्या खेपेला आपण तपासण्या समजून घेतल्या. आज आयव्हीएफचा खर्च आणि तो काळ निभावायला लागणारी माणसं, या दोन्हींबद्दल बोलायचं आहे. घरात या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत. पैशाची ओढाताण सुरू झाली की शब्द धारदार होतात, आणि शब्द लागले की माणूस उपचार अर्ध्यावर सोडतो.

आपल्या राज्यात एक फार मोठी गोष्ट घडली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये गोमेकॉच्या सुपरस्पेशालिटी विभागात वंध्यत्व उपचारांचं केंद्र सुरू झालं. सरकारी रुग्णालयात आयव्हीएफ मोफत देणारं पहिलं राज्य म्हणून तेव्हा गोव्याचं नाव देशभर छापून आलं. त्यासाठीचा पैसा कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून उभा करण्यात आला. खासगी दवाखान्यात एका सायकलला, म्हणजे उपचाराच्या एका आवर्तनाला, दीड-दोन लाख रुपये सहज लागतात, कधी त्याहून जास्त. त्यात सर्वांत महाग पडतात ती इंजेक्शनं. खरं तर १९८६ च्या ऑगस्टमध्येच मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून याच उपचाराने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, तीही एका सार्वजनिक रुग्णालयात. त्यानंतरची कित्येक वर्षं मात्र हा उपचार पैसेवाल्यांचाच राहिला. पेडण्यातल्या टॅक्सीवाल्याच्या किंवा काजूबागेत राबणाऱ्याच्या बायकोला तो मिळू शकतो, ही गोष्ट मला आजही थोडी अविश्वसनीय वाटते. ती टिकली पाहिजे.

तरीही घरातून पैसे जातातच. कसे, ते एका सायकलचा हिशेब मांडला की दिसतं.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिली सोनोग्राफी. मग साधारण नऊ ते बारा दिवस रोज इंजेक्शन, अंडी वाढवण्यासाठी. मध्ये चार-पाच वेळा सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. अंडी पुरेशी मोठी झाली की ट्रिगरचं इंजेक्शन. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन अंडी काढतात, त्याला सगळे पिकअप म्हणतात. प्रयोगशाळेत गर्भ तयार झाला की तीन ते पाच दिवसांनी तो गर्भाशयात सोडतात, किंवा गोठवून ठेवून पुढच्या महिन्यात सोडतात. त्यानंतर दोन आठवडे वाट पाहायची आणि रक्ताचा बीटा रिपोर्ट, दिवस राहिले की नाही ते सांगणारा. सुरुवातीची नोंदणी, दोघांच्या तपासण्या, समुपदेशन हे सगळं धरलं तर एका सायकलला दहा-बारा फेऱ्या होतात. त्यातल्या काहींना नवराही लागतो. पिकअपच्या दिवशी भूल दिलेली असते, म्हणून त्या दिवशी सोबत माणूस हवंच आणि परतताना गाडीही. रोजंदारीवर असणाऱ्या जोडप्याची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. मोपाच्या विमानतळावर किंवा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर असलेल्या माणसाला तर कारण न सांगता एवढ्या रजा कुठून मिळणार?

मोफत उपचाराची खरी किंमत अशी बसभाड्यात, बुडलेल्या दिवसांत आणि मालकापुढे केलेल्या खोट्या सबबींत भरली जाते. ती कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून घरातही कुणी मोजत नाही. माझं सांगणं आहे की ती मोजावी. पहिल्या फेरीच्या आधी दोघांनी बसून वहीत लिहावं: किती फेऱ्या, किती दिवस, किती पैसे, आणि ते येणार कुठून. सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये येत असतील आणि त्यांतलेच बसला जात असतील, तर तेही लिहावं. घरातली बाई स्वतःच्या नावावरच्या पैशातून हा भार उचलते आहे, हे नवऱ्याला कागदावर दिसलं पाहिजे.

किनाऱ्याकडच्या कुटुंबांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. हरमल, मांद्रे, मोरजीत ऑक्टोबर ते मे कमाईचा हंगाम. पावसाळ्यात हात रिकामे असतात. डॉक्टरांना विचारून सायकल पावसाळ्यात धरता येते का ते पाहावं. पण बाईचं वय ३५ च्या पुढे असेल, तर हंगामासाठी वर्षवर्ष थांबू नये. पस्तिशीच्या आत एका सायकलला यश मिळण्याची शक्यता ढोबळपणे तिनात एक असते. चाळिशीनंतर ती झपाट्याने उतरते. आणखी एक अडचण पावसाळ्याचीच. यातली काही इंजेक्शनं २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात, म्हणजे फ्रिजमध्ये, पण फ्रीजरमध्ये नव्हे. वादळात वीज गेली तर काय करायचं, हे औषध घेतानाच विचारून घ्या. बर्फाचा डबा तयार ठेवा. ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे असा एक शेजारी विश्वासात घ्या.

ट्रिगरची वेळ डॉक्टर घड्याळ लावून देतात, बहुधा रात्रीची. ती चुकली तर पिकअपचं गणित बिघडतं. त्या रात्री इंजेक्शन कोण देणार? वाड्यावर एखादी नर्स असते, निवृत्त असली तरी हात सराईत असतो. काही इंजेक्शनं पोटावर स्वतःची स्वतः घेता येतात, नवऱ्यालाही शिकवतात. ज्या घरात नवऱ्याने ते शिकून घेतलं, तिथे बायकोचा अर्धा भार हलका होतो असं मी ठामपणे म्हणेन.

आता विम्याबद्दल, कारण इथे लोक हमखास फसतात. आपल्याकडच्या नेहमीच्या आरोग्य विमा पॉलिसीत वंध्यत्व वगळलेलं असतं. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळण्यांच्या यादीत त्याला स्वतःचा क्रमांकच आहे, १७ वा. काही कंपन्या आणि मोठे मालक वेगळं संरक्षण देतात, पण ते पॉलिसीत लिहिलेलं असेल तरच मानावं, एजंटच्या तोंडी शब्दावर नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी २०११ चा आदेश आहे. त्यात अटी पूर्ण होत असतील तर तीन सायकलपर्यंत, प्रत्येकी ६५,००० रुपयांच्या मर्यादेत परतावा धरला होता. घरात कुणी केंद्राच्या नोकरीत असेल तर सध्याचा नियम कार्यालयात विचारावा. खासगीत जावं लागलंच, तर बिलात आयव्हीएफ उपचारावर जीएसटी लावलेला नाही ना ते पाहा. तो लागत नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि ‘सोपे हप्ते’ म्हणून दवाखान्यातच कर्जाचा अर्ज पुढे केला, तर त्या दिवशी सही करू नका. एका सायकलवर काम भागेलच असं नाही. पहिल्याच सायकलला मंगळसूत्र सोडून सगळं सोनं गहाण गेलं, तर दुसरीला काय ठेवणार? बचत गटातलं कर्ज कमी व्याजाचं असतं, पण तिथे कारण सांगावं लागतं, आणि नेमकं तेच जमत नाही.

आता त्या न सांगण्याबद्दल.

चवथीला ओवसा असतो, सुपं भरलेली असतात, माहेरहून वझं आलेलं असतं. सगळ्या बाया एकत्र, आणि कुणीतरी प्रेमानेच विचारते, "काय गो, गोड बातमी कधी?" विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं. पण जिने आदल्याच आठवड्यात बीटा रिपोर्ट निगेटिव्ह पाहिला आहे, तिला तिथून उठून न्हाणीघरात जाऊन नळ सोडावा लागतो. हळदीकुंकवाला कुणाची ओटी आधी भरायची, डोहाळजेवणात कुणाला पुढे बसवायचं आणि कुणाला नाही, हे न बोलता ठरलेलं असतं. देवळात कौल लावला जातो, पाकळी उजवी पडावी म्हणून सगळे श्वास रोखतात. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. पाकळी डावी पडली की दोष फक्त सुनेच्या नावावर चढतो, याबद्दल आहे. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईकडच्या कारणाबरोबर असतं. वीर्याची तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि सोपी. तरी घरोघरी ती शेवटी होते.

घरातलं दुसरं नेहमीचं वाक्य: "टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही." हे वाक्य मला मनापासून बंद झालेलं हवं आहे. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३,५८३ स्त्रिया होत्या. उपचाराआधी ज्या जास्त चिंतेत वा खिन्न होत्या त्यांना दिवस राहण्याचं प्रमाण कमी होतं का, हे तपासलं, आणि तसा संबंध आढळला नाही. म्हणजे तुमच्या रडण्याने गर्भ गळून पडत नाही. सायकल फसली की बाई आधीच स्वतःला विचारत असते, मी त्या दिवशी कळशी उचलली म्हणून का, बसला धक्के बसले म्हणून का. गर्भ सोडल्यावर अंथरुणाला खिळून राहिल्याने यश वाढत नाही, हेही अभ्यासांत दिसलं आहे. तिने हलकं काम केलं, बसने घरी आली, तर तिने काही बिघडवलेलं नाही. सासूबाईंना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या, म्हणून एकदा त्यांनाही बांबोळीला घेऊन जा.

मग मन सांभाळायचं कशासाठी? यशासाठी नाही, माणसासाठी. आणि उपचारात टिकण्यासाठी. स्वीडनमध्ये ठरावीक सायकलींचा खर्च सरकार उचलतं. तिथेही बरीच जोडपी मधेच थांबली, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांत मनाचा थकवा होता. पैशाचा प्रश्न सुटला तरी हा प्रश्न उरतो, तो स्वीडनमध्ये उरला तसा बांबोळीतही उरणार.

कायदा याबाबत आपल्या बाजूने आहे. २०२१ चा सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला. बाईसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ ही वयोमर्यादा त्यातलीच. उपचाराचे परिणाम आणि यशाची शक्यता यांबद्दल जोडप्याला समुपदेशन द्यायचं, हे त्याच कायद्याने दवाखान्यावर बंधनकारक केलं आहे. समुपदेशन म्हणजे फॉर्मवर सही घेण्याआधीची पाच मिनिटं नव्हेत. "आम्हाला काउन्सेलरशी बोलायचं आहे, दोघांना एकत्र आणि एकेकट्यालाही," असं मागायला संकोच करू नका. गोमेकॉच्या शेजारीच मानसोपचार संस्था आहे, आयपीएचबी. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं, हा समज आपल्या आजीच्या काळातला. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, नको नको ते विचार येत असतील, तर तिथला केसपेपर काढा. घरून बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते सखींबद्दल. पर्वरीच्या ‘संगत’ संस्थेने काही वर्षांपूर्वी गोव्यात एक प्रयोग केला. खिन्नता आलेल्या गरोदर बायांकडे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ पाठवले नाहीत. त्याच भागातल्या, स्वतः आई असलेल्या साध्या बायांना प्रशिक्षण दिलं. त्यांचं नाव सखी. सखी घरी जायची, ऐकून घ्यायची, छोटी छोटी पावलं ठरवून द्यायची, बाळंतपणानंतरही सहा महिने येत राहायची. २८० बाया या अभ्यासात होत्या, आणि २०१९ मध्ये त्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला: सखी मिळालेल्या बाया सहा महिन्यांच्या काळात अधिक प्रमाणात सावरल्या होत्या. त्याआधी २०१० मध्ये याच संस्थेच्या पुढाकाराने गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांचा प्रयोग झाला होता, तोही जगभर वाचला गेला.

म्हणजे शेजारीण शिकून आधार देऊ शकते, हे जगाला दाखवून देणाऱ्या ठिकाणांत आपला गोवा आहे. दिवस राहिलेल्या बाईसाठी आपण सखी तयार केली. दिवस राहावेत म्हणून बांबोळीच्या फेऱ्या घालणाऱ्या बाईला मात्र सखी नाही. तिची नोंद कुठल्या अंगणवाडीत नाही, तिला कुठलं कार्ड नाही, तिचा महिना कुणी विचारत नाही. तुये आणि कासारवर्णेच्या आरोग्य केंद्रांत महिन्यातून एक दुपार ठेवता येईल. बंद खोली, या उपचारातून गेलेल्या दोन-तीन बाया, एक प्रशिक्षित समुपदेशक. मूल झालेली बाई असावी आणि न होता थांबलेलीही असावी. ती दुसरी अधिक महत्त्वाची, कारण थांबल्यावरही आयुष्य नीट चालतं, हे फक्त तीच सांगू शकते. याच केंद्रात इंजेक्शनं टोचून घ्यायची आणि ठेवायची सोय झाली, आणि मधल्या सोनोग्राफ्या म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात होऊन अहवाल बांबोळीला गेले, तर कितीतरी फेऱ्या वाचतील. पंचायतीच्या ग्रामसभेत हे मागता येतं. नाव न सांगता, सगळ्यांसाठी म्हणून मागता येतं.

ती दुपार सुरू होईपर्यंत घरच्यांनी एक ठरवावं. रिपोर्टच्या दिवशी तिला एकटीने पाठवू नका. रिपोर्ट फोनवर येणार असेल तर त्या वेळी नवऱ्याने घरी असावं, शॅकवर किंवा गाडीवर नव्हे. निगेटिव्ह आला तर "पुढच्या वेळी होईल" हे लगेच म्हणू नका, पुढच्या वेळेचा विचार करायला तिला निदान एक पाळी जाऊ द्या. तिच्या आईला कळवायचं की नाही, हे तिलाच विचारा. त्या रात्रीचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा.

पुढच्या आठवड्यात : थांबायचं कधी, आणि दत्तक घेण्याची वाट.