बर्फाखालची जमीन

ध्रुवप्रदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक पांढरे, सपाट, निर्जीव मैदान उभे राहते. परंतु बर्फ ही त्या प्रदेशाची भूमी नव्हे. ते तिच्यावरचे पांघरूण आहे. त्याखाली डोंगर आहेत, दऱ्या आहेत, सरोवरेही आहेत. शिवाय ही झाकलेली भूमी स्वस्थ पडून राहिलेली नाही. ती सरकली, खचली, झिजली, आणि काही ठिकाणी आजही वर येत आहे. ते कसे, आणि त्याची उठाठेव आपण इतक्या दूर बसून का करावी, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम या पांघरुणाचे मान ध्यानात घेऊ. अंटार्क्टिकावरील बर्फाने सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक. त्याची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर. आपले कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच. ते समूळ त्यात बुडून जाईल. मग एवढ्या बर्फाखालचे कळते कसे? पृष्ठभागावर लहानसा स्फोट करावयाचा आणि खालच्या खडकावरून परतणारा त्याचा कंप मोजावयाचा, ही जुनी रीत. याच रीतीने १९५८ साली, आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, सोव्हिएत संशोधकांना पूर्व अंटार्क्टिकाच्या पोटात एक पर्वतरांगच सापडली. तिला गाम्बुर्त्सेव्ह असे नाव आहे. तिची उंची युरोपातील आल्प्सशी तुलना करण्याजोगी, पण तिचा एक दगडही वर दिसत नाही. पुढे विमानांतून रेडिओलहरी सोडून बर्फाचा तळ मोजण्याची सोय झाली आणि नकाशा भरत गेला.

आता या भूमीत जे बदल झाले, त्यांची कारणे मुख्यतः तीन.

पहिले कारण खंडांचे सरकणे. अंटार्क्टिका एके काळी गोंडवन नावाच्या महाखंडाचा भाग होता आणि आपला भारत त्याचा शेजारी. हे नाव आपल्याच मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती मरणाच्या दारी होते, तरी त्यांनी सुमारे १६ किलो दगड टाकून दिले नाहीत. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. याच वनस्पतीचे अवशेष आपल्या चंद्रपूरकडील कोळशाच्या थरांतही मिळतात. जेथे आज गवताचे पाते दुर्मिळ, तेथे अरण्ये होती याचा हा पुरावा. पुढे हा खंड एकटा पडला, हवा थंड होत गेली, आणि सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी त्यावर बर्फाचे मोठे थर साचू लागले.

दुसरे कारण बर्फाचा भार. पृथ्वीचे कवच ज्या खोल थरावर टेकले आहे, त्या प्रावरणाचा खडक घन खरा, पण हजारो वर्षांच्या दाबाखाली तो घट्ट काकवीसारखा हळूहळू सरकतो. नावेत माल भरला की नाव पाण्यात खाली बसते, तसेच कवचाचे होते. बर्फापेक्षा हा खडक साडेतीन पटींहून अधिक जड आहे. म्हणून तीन किलोमीटर बर्फ साचला की जमीन कालांतराने सुमारे ८०० मीटर खाली जाते. माल उतरला की नाव वर येते, तशी बर्फ वितळल्यावर जमीनही वर येते, पण फार सावकाश. स्वीडनच्या किनाऱ्यावर सीलमाशांचे खडक पाण्याबाहेर वर वर येताना लोक पाहत होते. तापमापकामुळे आपल्या परिचयाचा झालेला सेल्सियस याने १७३१ साली अशा एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरली. समुद्र ओसरत आहे, असे त्याला वाटले. जुन्या बर्फाच्या भाराने जमीन दबली होती, हा विचार स्कॉटलंडच्या जेमिसन याने १८६५ साली मांडला. तेथील बर्फ जाऊन सुमारे दहा हजार वर्षे झाली, तरी बॉथ्नियाच्या आखाताचा उत्तर किनारा आजही वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर वर येत आहे.

तिसरे कारण झीज. हिमनदी तळाशी गोठलेले दगड घेऊन कानशीसारखी जमीन घासत जाते. मात्र जेथे बर्फ अतिशय थंड असून तळाच्या खडकाला चिकटून बसलेला असतो, तेथे तो जमिनीचे रक्षणच करतो. गाम्बुर्त्सेव्हची शिखरे म्हणूनच अद्याप टोकदार आहेत. पश्चिम अंटार्क्टिकात प्रकार उलटा झाला. तेथील पुष्कळशी जमीन पूर्वी समुद्राच्या वर होती असे अभ्यासक मानतात. ती काही झिजली, काही खचली. आता तिचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, कोठे कोठे दोन किलोमीटरहून खोल. बर्फाने आपला पाया आपणच खणला, असे म्हणावयास हरकत नाही.

खरी चिंता येथेच आहे. थ्वेट्स नावाच्या हिमनदीचा तळ किनाऱ्याकडून आत जाताना खोल होत जातो. कोमट समुद्रजल तिच्या कडेखाली शिरते. कड मागे हटली की तेथला बर्फ अधिक जाड, म्हणून समुद्राकडे जाणारा ओघ अधिक, आणि माघार आणखी वेगाने. पश्चिमेकडील असा डळमळीत बर्फ सारा गेला, तर जगातील समुद्र सुमारे तीन मीटर चढेल. यात एक दिलासाही आहे. तेथील प्रावरण तुलनेने मऊ असल्याने जमीन काही ठिकाणी वर्षाला चार सेंटिमीटर वर येत असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. वर येणारा तळ बर्फाला टेकू देऊ शकतो. पण वितळण्याचा वेग त्याहून अधिक असेल, तर हा टेकू वेळेवर पोचणार नाही.

असे कधी घडले होते काय? ग्रीनलंडची माती याचे उत्तर देते. १९६६ साली कॅम्प सेंच्युरी येथे अमेरिकन संशोधकांनी जवळजवळ १,४०० मीटर बर्फ भेदून तळाची माती वर काढली. ती पुढे विस्मरणात गेली आणि २०१७ साली कोपनहेगनच्या शीतगृहात पुन्हा सापडली. तीत डहाळ्या आणि शेवाळ निघाले. २०२३ साली निष्कर्ष आला की सुमारे चार लाख वर्षांपूर्वी ती जागा बर्फमुक्त होती. त्या काळी हवेतील कार्बन डायॉक्साइड आजच्यापेक्षा पुष्कळच कमी होता.

म्हणून बर्फाखालची जमीन हा केवळ भूगोलाच्या पुस्तकातील धडा राहत नाही. बर्फ जातो तेव्हा त्याचे गुरुत्वाकर्षणही जाते. जवळचे पाणी ओसरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर अधिक चढते. मुंबई आणि कोकण हे ध्रुवांपासून दूरच आहेत. जमीन वर येण्यास हजारो वर्षे घेते, समुद्र तितका वेळ देईलच असे नाही. बर्फ किती वेगाने वितळावा हे पुष्कळ अंशी मनुष्याच्या हाती आहे. जमिनीने किती वेगाने वर यावे, हे मात्र नाही.