सरकार ‘पडतं’ म्हणजे काय होतं?

बालमित्रांनो, ‘सरकार पडलं!’ अशी बातमी तुम्ही ऐकली असेल. झाड पडतं, भिंत पडते. पण सरकार कसं पडतं बरं?

चला, प्रवरेकाठच्या बेलापूरहून निघून आपल्याच जिल्ह्यातल्या भुईकोट किल्ल्यात जाऊ. अहिल्यानगरचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा हा किल्ला. मोगलांनी वेढा घातला तेव्हा चांदबीबीने तो शर्थीने लढवला. पण १६०० साली निजामशाहीची ही राजधानी पडलीच. १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीने तोच किल्ला शिंद्यांकडून घेतला. त्या काळी राज्य बदलायचं तर तोफा आणि रक्त! रयतेला कोण विचारतो? काल सारा एकाला भरला, आज दुसऱ्याला.

१९४२ साली इंग्रजांनी नेहरू, पटेल, आझाद यांना याच किल्ल्यात डांबलं. पुढे पाचच वर्षांत इंग्रजांचंच राज्य गेलं!

आता आपली राज्यघटना काय सांगते? विधानसभेचा किंवा लोकसभेचा विश्वास असेपर्यंतच सरकार. आपल्या विधानसभेत २८८ आमदार. म्हणजे सगळे हजर असतील तर १४५ जण पाठीशी हवेत. १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ मतं पडली, विरोधात २७०. फक्त एक मत! पंतप्रधानांनी राजीनामा दिला. एकही गोळी सुटली नाही. त्याच वर्षी निवडणूक झाली आणि मतदारांनी वाजपेयींना पुन्हा निवडून दिलं.

पण गंमत इथेच संपत नाही. १९७८ साली शरद पवार काही आमदारांसह बाहेर पडले, वसंतदादा पाटलांचं सरकार गेलं आणि पवार मुख्यमंत्री झाले. १९८० साली केंद्राने पवारांचंही सरकार बरखास्त केलं. दोन्ही वेळा मतदाराला कुणी विचारलं? नाही!

म्हणून १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की बहुमत सभागृहातच मोजा. तरीही २०२२ साली शिवसेनेचे आमदार फुटले आणि उद्धव ठाकरे यांनी मतदानाआधीच राजीनामा दिला.

आता गावाकडे पाहा. थेट जनतेने निवडलेल्या सरपंचाला काढायचं असेल, तर नुसत्या सदस्यांच्या मतांवर भागत नाही. तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास दाखवल्यावर ग्रामसभा भरते आणि गावकरी गुप्त मतदान करतात. ज्यांनी बसवलं, त्यांनाच विचारून उठवायचं!

मग आमदार फुटले, तर त्यांच्या मतदारांनाही असंच विचारावं का? की दर वेळी विचारत बसलं तर कारभारच थांबेल? आज जेवताना आई-बाबांना विचारा. दोघांची उत्तरं वेगळी आली, तर घाबरू नका. दोघांचंही नीट ऐका. अठरा वर्षांचे झालात, की हा प्रश्न तुमच्याच बोटाच्या शाईपाशी येणार आहे.